अग्रीमेंट हरवलंय, फ्लॅट विकायचा कसा?

प्रश्न : डोंबिवलीचा फ्लॅट बाबांच्या नावावर आहे, १९९८ ला बिल्डरकडून घेतलेला. आता विकायला काढला तर ओरिजिनल अग्रीमेंटच सापडत नाहीये, शेअर सर्टिफिकेट पण नाही, नुसती अग्रीमेंटची झेरॉक्स आहे. ब्रोकर म्हणतो पेपर नाहीत तर भाव कमी करा. डुप्लिकेट अग्रीमेंट करून मिळतं का?

उत्तर : भाव लगेच पाडू नका, ब्रोकरला काय, व्यवहार उरकायचाय. डुप्लिकेट अग्रीमेंट असं काही नसतं, पण दस्त रजिस्टर झालेला असेल तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल आणि इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सरकारी नोंदीतला गोषवारा) मिळतो. झेरॉक्सवर रजिस्ट्रेशनचा शिक्का बघा, दस्त नंबर आणि वर्ष हाती लागलं की अर्धं काम झालं. शिक्काच नसेल तर मामला वेगळा, आधी वकील गाठा. ऑनलाइन शोधत बसू नका, मुंबई सोडली तर नोंदणी विभागाच्या साइटवरचं रेकॉर्ड २००२ पासूनचं आहे, ऑफिसातच जावं लागेल.

आणि बाबांना विचारा, ओरिजिनल परत आणलं होतं का नक्की? त्या काळी दस्त फोटो काढायला पुण्याला जायचे, परत यायला महिनोन्‌महिने लागायचे आणि लोक पावती कपाटात ठेवून विसरून जायचे. होम लोन होतं का तेही बघा. ते १ डिसेंबर २०२३ नंतर फिटलं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० दिवसांत पेपर परत द्यायला हवेत, आणि बँकेकडूनच हरवले असतील तर नकला काढायचा खर्चही बँकेचाच.

खरंच हरवलं असेल तर बाबांच्या नावाने पोलिसात तक्रार, मग वकिलामार्फत पेपरात जाहीर नोटीस (एक मराठी, एक इंग्रजी), हरकतींसाठी साधारण १४-१५ दिवस, मग अफिडेव्हिट आणि इंडेम्निटी बाँड (पुढे कुणाचं नुकसान झालं तर भरून देऊ अशी लेखी हमी). सोसायटीही डुप्लिकेट शेअर सर्टिफिकेट साधारण याच कागदांवर देते, फक्त अर्ज कमिटीपुढे जातो म्हणून तो आधीच टाका.

घेणाऱ्याच्या बँकेला भीती एकच, ओरिजिनल कुठे गहाण तर नाही ना. त्यामुळे वकिलाचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (फ्लॅटच्या जुन्या नोंदी तपासून दिलेला अहवाल) आणि सरसाईचा (CERSAI, बँकांकडच्या गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) सर्च तयार ठेवा. आणि टोकन घेण्याआधी खरेदीदाराला त्याच्या बँकेत विचारून यायला सांगा, प्रमाणित नकलेवर लोन द्यायला काही बँका तयारच होत नाहीत.