पावतीवरचं एक आण्याचं तिकीट

प्रश्न : रविवार कारंजाजवळचा आमचा जुना वाडा उतरवला तेव्हा माळ्यावर आजेसासऱ्यांची ट्रंक निघाली, त्यात भांडी बाजारातली १९२९ ची एक पावती आहे. तांब्यापितळेची भांडी, ४२ रुपये, सगळं मोडी लिपीत. खाली दाढीवाल्या राजाचं चॉकलेटी एक आण्याचं तिकीट आणि त्यावर आडवी सही. मुलगा म्हणतो हे पोस्टाचं तिकीट, दुकानदाराने चुकून चिकटवलं. मिस्टर नाशिकरोडच्या तिकिटं छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून रिटायर झालेत, ते म्हणतात रेव्हेन्यू स्टँपच आहे. खरं कोणाचं? आणि पाण्यात भिजवून सोडवलं तर चालेल का?
— एक वाचक, जेल रोड

उत्तर : ताई, आधी ते तिकीट पाण्यापासून लांब ठेवा, मग भांडण मिटवू!

दोघांचंही बरोबर आहे. तिकिटावर बारीक अक्षरात इंग्रजीत 'पोस्टेज अँड रेव्हेन्यू' लिहिलेलं असणार, भिंग घेऊन बघा. आधी पावतीची तिकिटं वेगळी असायची, पण १९०६ मध्ये सातव्या एडवर्डच्या अर्ध्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर हे दोन्ही शब्द आले, म्हणजे तेच तिकीट पाकिटाला लावा नाहीतर पावतीला, चालायचं. तुमचा दाढीवाला म्हणजे पाचवा जॉर्ज, त्याच्या तिकिटांवरही हे होतं. सहाव्या जॉर्जच्या तिकिटांवर मात्र नुसतं 'पोस्टेज' दिसतं. गंमत म्हणजे १८६६ मध्ये उलटंच झालं होतं, सहा आण्यांची पोस्टाची तिकिटं कमी पडली म्हणून परदेशी हुंडीची रेव्हेन्यू तिकिटं घेऊन वरची-खालची अक्षरं कापून टाकली आणि वर 'पोस्टेज' छापून तीच वापरली.

आता पावती. १८९९ च्या स्टँप कायद्यात वीस रुपयांच्या वर पावती असेल तर एक आण्याचं तिकीट लागायचं, तुमची ४२ ची, म्हणजे दुकानदार अजिबात चुकला नव्हता. आणि ती आडवी सही, जिच्यामुळे मुलाला तिकीट खराब झालेलं वाटतंय ना, तिच्यामुळेच तर ते कायद्याने लागलं! त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं की तिकीट पुन्हा वापरता येणार नाही असं रद्द करायचं, नाहीतर ते लावलंच नाही असं धरतात. म्हणून सही अर्धी तिकिटावर अर्धी कागदावर, कोणी सोडवून दुसरीकडे लावलं तर लगेच कळतं. तुम्ही भिजवायला निघालात तेच रोखायला ही सगळी युक्ती आहे हो.

मिस्टरांसाठी खास. नाशिकरोडची प्रेस १९२५ ची, त्याआधी ही तिकिटं इंग्लंडमध्ये डी ला रू कंपनी छापायची. दोन्हींतला फरक कागदात आहे, लंडनच्या तिकिटात साधारण एकच मोठा तारा वॉटरमार्कमध्ये, म्हणजे कागदातल्या उजेडात दिसणाऱ्या खुणेत, असतो आणि नाशिकच्या कागदात बारीक ताऱ्यांची रांगच रांग. चिकटलेल्या तिकिटात तो दिसणं अवघड आहे, पण पावती पातळ असेल तर खिडकीशी उजेडात धरून बघायला काय जातंय. १९२९ ची आहे, त्यामुळे आपल्याच प्रेसची असायची शक्यता बरीच, आणि मग तिकीट नाशिकरोडला छापलं आणि भांडी बाजारात लागलं असं होईल!

पैसे मिळतील का हे तुम्ही विचारलं नाहीत, बरं केलंत, सुटं तिकीट अगदी सामान्य आहे. खरी गंमत अख्ख्या पावतीत, मोडीतल्या सहीसकट. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको.

प्रश्न : घरमालक भाड्याच्या पावतीवर अजून रेव्हेन्यू स्टँप लावतात, हे जुनं फॅड आहे का? आणि आईच्या एका १९७१ च्या पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं जादा तिकीट कशाला?
— एक वाचक, सिडको

उत्तर : फॅड नाही. वीसची मर्यादा वाढत वाढत पाचशे झाली, २००४ मध्ये पाच हजार, त्याच्या वर पावती असेल तर एक रुपयाचं तिकीट. दुसरं, ते जादा तिकीट म्हणजे करच होता. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैसे जादा घ्यायचे. घाईत कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच 'रेफ्युजी रिलीफ' छापून ती वापरली, तुमच्या तिकिटावर छोटं कुटुंब दिसत असेल तर तेच ते.