नवऱ्याची सही नको, आठवडे मात्र मोजा

प्रश्न : अमेरिकेत गर्भपातावरून पक्ष निवडणूक लढवतात. आमच्याकडं ऊसदर, सीमाप्रश्न, गॅरंट्या सगळं निघतं, हा शब्द कुणी काढत नाही. मग सरकार बदलल्यानं बाईला काही फरक पडतो का? आणि कोल्हापूरला गेलं तर कायदा वेगळा लागतो का?
— बचत गटातील एक सदस्य, निपाणी तालुका

उत्तर : गर्भपाताचा कायदा कर्नाटकात आणि महाराष्ट्रात एकच, केंद्राचा. १९७१ साली काँग्रेसच्या राजवटीत आला, २०२१ मध्ये भाजपच्या राजवटीत सुधारला. पक्षांचं भांडण त्यावर जुंपलं नाही. अमेरिकेत १९७३ साली न्यायालयानं दिलेला हक्क जून २०२२ मध्ये न्यायालयानंच काढला आणि निर्णय राज्यांवर सोडला, म्हणून तिथं तो मतपेटीचा विषय. आपल्याकडं परवानगी डॉक्टरच्या मतावर टांगलेली आहे: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, २० ते २४ दरम्यान दोघांचं आणि तेही ठरावीक कारणांसाठी (बलात्कार, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणात वैधव्य किंवा घटस्फोट, गर्भातलं व्यंग वगैरे).

सरकारमुळं फरक पडतो तो खिशाला. निपाणीहून चिक्कोडी किंवा बेळगावला कर्नाटकच्या शक्ती योजनेत बाईला साध्या बसनं फुकट जाता येतं. कोल्हापूरपर्यंत मात्र ती सवलत पुरत नाही. महाराष्ट्राच्या हद्दीत तिथल्या एसटीत बाईला अर्धं तिकीट. तरीही तिकीट हा लहान खर्च. बिडी वळणारीला मजुरी दर हजार बिड्यांमागं. दवाखान्यात गेलेल्या दिवसाचे शून्य रुपये. गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा कायद्यात आहे, पण प्रत्यक्षात ती मिळते हजेरीपटावर नाव असलेल्या बाईला, डॉक्टरचा दाखला दिल्यावर. घरी बसून बिड्या वळणारीला ती मागायची कुणाकडं? ऊसतोडीच्या टोळीत तर नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला एकच जोडी धरतात, त्यामुळं तिचा खाडा दोघांच्या उचलीतून (आगाऊ घेतलेल्या रकमेतून) कापला जातो. बाई ‘उद्या जाऊ’ म्हणते ती यामुळं, आणि तेवढ्यात आठवडे सरकतात. माझ्या मते प्रचाराला आलेल्या उमेदवाराला विचारायचं ते हेच.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, संबंधाच्या तारखेपासून नव्हे. दोन आठवड्यांची चूक इथंच होते.

प्रश्न : डॉक्टर नवऱ्याची सही मागतात. लागते का? मेडिकलमधून गोळ्या आणल्या तर?
— खानापूर

उत्तर : १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची लेखी संमती पुरते, ‘नमुना सी’ या संमतीच्या कागदावर. वय कमी असेल किंवा बाई मानसिक आजारी असेल तरच पालकाची. कागद कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. खासगी दवाखान्यात मान्यतेचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असतं. काहींची मान्यता फक्त १२ आठवड्यांपर्यंत असते, तेही विचारा. लिंगनिदानाच्या कारवाईला घाबरून काही डॉक्टर कायदेशीर गर्भपातही टाळतात. गर्भाचं लिंग सांगणं हा गुन्हा, कायद्यात बसणारा गर्भपात करणं नव्हे. पण भीतीपोटी दोन्ही एकाच गाठोड्यात बांधले जातात. तिथं वाद घालत बसू नका, लगेच तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा.

गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच, आणि डॉक्टरनं तपासून दिलेल्या. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर गोळीनं तो जात नाही; रक्तस्राव झाल्यावर ‘काम झालं’ वाटतं आणि आतून नळी फुटू शकते. तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील आणि असं सलग दोन तास चाललं, किंवा एका बाजूला जोराची कळ येऊन चक्कर आली, तर सकाळच्या बसची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा.