पाहुणे १५०, मग खंबे किती?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचं लग्न मे महिन्यात आहे. लग्न आणि रिसेप्शन होटगी रोडच्या मंगल कार्यालयात, तिथं शाकाहारी जेवण आणि दारूचा विषयच नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्कलकोट रोडला ओळखीच्यांच्या शेतावर मित्रमंडळी आणि भावकीला मटणाचं जेवण ठेवलंय, साधारण १५० माणसं होतील. एकजण म्हणतो २५ खंबे आण, दुसरा म्हणतो पाच पेट्या बिअर बस्स झाली, मामा म्हणतात माणशी एक क्वार्टर धरून चाल. मी स्वतः पीत नाही त्यामुळं काहीच अंदाज येईना झालाय. कमी पडलं तर नाव जातंय आणि जास्त झालं तर पैसा. नीट हिशोब सांगा की ओ.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दादा, मामांचा आकडा बरोबर आहे, फक्त तो १५० ला लावायचा नाही, पिणाऱ्यांना लावायचा. सगळी गडबड इथंच होते, लोक पाहुणे मोजतात आणि त्यावर बाटल्या ठरवतात.

आज रात्री वही घ्या आणि भावाला शेजारी बसवून एकेक नाव लिहा. लहान पोरं, बायका, माळकरी मंडळी, शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असलेले काका, दारू सोडलेली माणसं, आणि जे गाडी चालवून परत जाणारेत ते, ही सगळी नावं बाजूला काढा. पार्टी कुठल्या वारी आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण सोमवार असेल तर सिद्धरामेश्वरांचा वार पाळणारे आणि गुरुवार असेल तर अक्कलकोट स्वामींचं करणारे कितीतरी जण दारूला तर नाहीच पण मटणालाही हात लावणार नाहीत, त्यामुळं तो वार शक्यतो टाळाच. माझ्या अंदाजानं तुमच्या १५० मधले ८५ च्या आसपास पिणारे निघतील. समजा त्यातले ५० व्हिस्की-रमवाले आणि ३५ बिअरवाले.

आता खंबा म्हणजे ७५० मिली. लार्ज पेग ६० चा, म्हणजे एका खंब्यात साडेबारा लार्ज. आठ ते साडेदहा-अकरा एवढ्या वेळात कुणी दोन घेतो कुणी पाच, सरासरी तीन लार्ज धरा, ते झाले १८० मिली, म्हणजेच मामांची क्वार्टर. ५० गुणिले १८० म्हणजे ९००० मिली, भागिले ७५०, बरोबर १२ खंबे, म्हणजे एक पेटी. वर दोन जादा धरा, १४. ज्यानं २५ सांगितले त्याचा हिशोब लावून बघा, ५० जणांत २५ खंबे म्हणजे माणशी ३७५ मिलीची अख्खी हाफ होते, तेवढी पोटात गेल्यावर माणूस लग्नाला आलाय का भांडायला हे त्याचं त्यालाच कळत नाही. १४ मध्ये १० व्हिस्कीचे घ्या, दोन रम, दोन व्होडका. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४० च्या वर असतो, रम कमीच खपते. घरातल्या कुणाला वाईन चालत असेल तर दोन-तीन बाटल्या पुरतात, एका बाटलीत पाच ग्लास होतात.

बिअर ६५० मिलीची, पेटीत १२ बाटल्या. ३५ जणांना दोन-दोन धरल्या तर ७०, म्हणजे सहा पेट्या, आणि उकाड्यात व्हिस्कीवालेही सुरुवातीला एक बिअर मारतात म्हणून सातवी. पण इथं एक गोष्ट मनापासून सांगतो, स्ट्राँग घेऊ नका, माइल्ड घ्या. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्केवाल्या स्ट्राँग बिअरच्या एका मोठ्या बाटलीत ४१ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार स्मॉल पेग. दोन बाटल्या म्हणजे आठ, आणि क्वार्टरमध्ये असतात सहा. म्हणजे "मी फक्त बिअर घेतो" म्हणणारा पोरगा व्हिस्कीवाल्यापेक्षा जास्त पिऊन बसलेला असतो आणि वर किल्ली हातात घेऊन निघतो. ५ टक्केवाल्या माइल्डची एक बाटली अडीच स्मॉल पेगांइतकी पडते. आपलं लिव्हर तासाला साधारण एकच स्मॉल पेग पचवतं, लिंबूपाणी प्या नाहीतर अंघोळ करा, त्याचा वेग वाढत नाही.

आता बाटल्या टेबलावर ठेवू नका. ही चूक जवळपास प्रत्येक शेतावरच्या पार्टीत दिसते. दहा टेबलांवर दहा खंबे ठेवले की दहाच्या दहा फुटतात, निम्मे अर्धवट उरतात आणि हातानं ओतलेला पेग ९० चा होतो, मग साडेबाराच्या जागी एका खंब्यात आठच पेग. एक काउंटर लावा, त्यावर घरातला न पिणारा, वजन असलेला माणूस बसवा आणि हातात पेग मेजर द्या. एका वेळी दोन-तीनच बाटल्या उघड्या, बाकी पेटीत कुलपात. तुम्ही पीत नाही म्हणता ना, मग तुम्हीच बसा, तुमच्यापेक्षा चांगला माणूस मिळणार नाही. रात्री १० नंतर स्पीकर तसाही बंद करावा लागतो, साडेदहाला काउंटरही बंद करायचा आणि ते सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवायचं.

जेवण उशिरा काढायची पद्धत मला अजिबात पटत नाही. रिकाम्या पोटी दारू भराभर चढते. आठ वाजल्यापासून उकडलेली अंडी, शीक कबाब, काकडी, शेंगदाणे फिरत राहू देत, आणि साडेनऊला कडक भाकरी, शेंगाचटणी, मटण लावून मोकळे व्हा. ज्याला जेवायचंय तो जेवेल. पिण्याचं पाणी १५० माणसांना माणशी दीड-दोन लिटर धरा, त्यात काटकसर नको. सोडा ६०० मिलीच्या २० ते २५ बाटल्या पुरतात कारण निम्मे लोक पाण्यातच घेतात. न पिणाऱ्यांना कोकम, ताक, लिंबू सरबत हे गार आणि भरपूर पाहिजे, त्यांना कोपऱ्यात कोमट कोल्ड्रिंक देऊन बसवणं बरं दिसत नाही.

बर्फाचं ऐका, इथंच पार्टी फसते. ८४ बाटल्या बिअर मेच्या दुपारी तापलेली असते, ती गार करायला ६० ते ७० किलो बर्फ नुसता त्यालाच लागेल. दोन मोठे पिंप घ्या, बर्फ फोडून टाका, वर पाणी आणि दोन-तीन मुठी मीठ, त्यात बाटल्या बुडवून ठेवल्या की पाऊण तासात गार होतात, नुसत्या कोरड्या बर्फावर ठेवून होत नाहीत. ग्लासात टाकायचा बर्फ वेगळा, ३०-४० किलो, आणि तो खाण्याचाच असला पाहिजे. आपल्या राज्यात २०१८ पासून न खाण्याचा बर्फ निळसर रंगाचा करायचा नियम आहे. निळी झाक दिसली की तो पिंपात, ग्लासात नाही. नाहीतर दुसऱ्या दिवशी निम्म्या भावकीचं पोट बिघडलेलं असेल आणि बोल मटणवाल्याला लागेल.

कागदाचं लांबवत नाही पण टाळूही नका. शेतावर एवढ्या माणसांना दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा तात्पुरता परवाना काढावा लागतो. एका माणसाच्या पिण्याच्या परमिटवर एवढा माल बसत नाही. किमान दोन-तीन आठवडे आधी ऑफिसला जाऊन काय काय कागद लागतात ते विचारून या, माल लायसनवाल्या दुकानातूनच घ्या आणि बिल जागेवर ठेवा. तारीख ड्राय डे नाही ना ते बघा, १ मे अडकतो, आणि निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे ४८ तास दुकानं बंद असतात. अजून एक, महाराष्ट्रात हार्ड दारूला वय २५ आणि बिअरला २१ लागतं. भावाचे मित्र २२-२३ चे असतील तर त्यांची नावं हार्डच्या यादीतून काढा. हे सगळं नको असेल तर परमिट रूम असलेल्या हॉटेलचा हॉल घ्या, तिथं दारू त्यांचीच असते आणि बिल पेगवर, पण मग बाहेरची बाटली नेता येत नाही.

शेवटी परत जाण्याचं, खरंतर बाटल्यांच्या आधी हे ठरवायला पाहिजे. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की पहिल्याच वेळेला १० हजारापर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण दंडाचं राहू द्या, अक्कलकोट रोडला रात्री ११ ला ट्रक कसे जातात ते तुम्हाला माहिती आहे. दोन क्रूझर भाड्यानं सांगा, येताना पण त्यातूनच आणा म्हणजे किल्लीचा प्रश्नच राहत नाही. थोड्या गाद्या शेतावर टाकून ठेवा. आणि शेतात विहीर किंवा शेततळं असेल तर तिथं लाईट, दोरी आणि एक शुद्धीतला गडी पाहिजेच. उकाड्यात पिऊन पोहायला उतरणारी पोरं परत वर येत नाहीत, हे दरवर्षी उन्हाळ्यात कुठं ना कुठं घडतंच.

प्रश्न : माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. व्याह्यांकडून निरोप आला की मुलाच्या मित्रांची "सोय" तुमच्याकडून व्हावी, ३०-४० जण असतील. आमच्यात कुणी पीत नाही. माझे दीर दारूनंच गेले, त्या दिवसापासून घरात बाटली आली नाही. ह्यांचं म्हणणं २० हजारासाठी कशाला वाकडं घ्या. मला झोप येईना झालीय. नाही म्हटलं तर पोरीला तिकडं ऐकून घ्यावं लागेल का?
— एक आई, विडी घरकुल

उत्तर : ताई, नाही म्हणा. ज्या घरानं दारूपायी माणूस गमावलंय त्या घराला दारूचा खर्च सांगणं बरोबर नाही, आणि व्याह्यांना बहुतेक दिरांचं माहितीच नसणार. म्हणून आधी मुलीला सांगा तिनं होणाऱ्या नवऱ्याशी सरळ बोलावं, काय झालं होतं ते सगळं सांगावं. पोरगा समजूतदार असेल तर मित्रांना तोच आवरेल, आणि तो कसा आहे ते कळायला ही चांगली वेळ आहे. मग ज्यांनी लग्न जमवलं त्यांना मध्ये घालून व्याह्यांना निरोप द्या, "आमच्याकडून जेवणात काही कमी पडणार नाही, पण हे आमच्या घरात होत नाही, त्याला कारण आहे." एवढंच बोला, माफी मागू नका आणि त्याबदल्यात दुसरं काही देऊ करू नका. मात्र हे आत्ताच बोला, हळदीच्या दिवशी सांगितलं तर तमाशा होतो. मित्रांना त्यांच्या पैशानं, दुसऱ्या जागी, दुसऱ्या दिवशी काय करायचं ते करू दे. आणि ते २० हजार कर्जातून येणार असतील तर ह्यांना माझं नाव सांगून सांगा की त्यापेक्षा मुलीच्या नावावर टाका. तिकडं ऐकावं लागेल का हे मी इथून कसं सांगू, पण आज एक मागणी वाकून मान्य केली की पुढची यायला वेळ लागत नाही, हे मी बऱ्याच घरात बघितलंय.

प्रश्न : रिसेप्शनसाठी मित्र गोव्याहून येताना दोन पेट्या आणतो म्हणतोय, एक नातेवाईक मिलिटरी कँटीनमधून देतो म्हणतात. मंडपवाल्या पोरांसाठी हातभट्टीचा कॅन आणायचाय. आणि उरलेली दारू दुकानदार परत घेतो का?
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : गोव्याची नको. तिथं टॅक्स कमी म्हणून स्वस्त, पण परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, पकडलं तर मालाबरोबर गाडीही जप्त होते आणि मित्राला लग्नाऐवजी कोर्टाची तारीख मिळते. विजापूरकडून आणली तरी तेच. कँटीनचा कोटा जवानाच्या स्वतःच्या वापरासाठी असतो, पार्टीसाठी नाही, त्या नातेवाईकाला अडचणीत आणू नका.

हातभट्टीचा तर विचारही मनातून काढा. त्यात मिथाइल अल्कोहोल गेलं असेल तर चवीला, वासाला कळत नाही, नजर जाते, माणूस मरतो. २०१५ साली मुंबईत मालवणीला १०० च्या वर माणसं अशीच गेली. आपल्या जिल्ह्यात मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी भट्टी सोडून दुसऱ्या कामाला लागावं म्हणून ग्रामीण पोलिसांनी २०२१ पासून "ऑपरेशन परिवर्तन" चालवलं, लोकांनी पिढ्यानपिढ्याचा धंदा सोडला, आणि आपण लग्नासाठी कॅन मागवायचा? मंडपवाल्या पोरांना पाहुण्यांच्याच पंगतीचं जेवण आणि वर रोख बक्षीस द्या, आणि मंडप उतरवायचं काम असेपर्यंत कुणालाच पाजू नका, शिडीवर चढायचं असतंय त्यांना.

उरलेल्याचं दुकानदारावर आहे. घेतानाच विचारा आणि घेतो म्हणाला तरच जादा उचला. सीलबंद, बिलासकट आणि लेबल कोरडं असेल तरच कुणी विचार करेल, पिंपात भिजून लेबल सुटलेली बिअर कुणी घेत नाही, म्हणून शेवटच्या दोन पेट्या लागल्याशिवाय बर्फात टाकूच नका. सीलबंद व्हिस्की खराब होत नाही. बिअरची मुदत बाटलीवर बघा, साधारण सहा महिने असते, ती सावलीत ठेवा, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत नको.