‘यूज्ड टू’ नेमकं कुठे वापरायचं?

‘आय यूज्ड टू गो टू बेळगाव एव्हरी डे.’ खानापूरहून रोज ये-जा करणारा असं म्हणाला, की ऐकणाऱ्याला वाटतं, याचं जाणं आता बंद झालंय. ‘यूज्ड टू’ म्हणजे पूर्वी करायचो, आता करत नाही. आपण मनात ‘जात असतो’ धरून वाक्य जुळवतो आणि तिथेच फसतो. आजची सवय सांगायला साधं ‘आय गो एव्हरी डे’ पुरतं. फार तर ‘यूज्वली’ घाला.

आधी ॲम, इज, आर किंवा वॉज आलं की अर्थच बदलतो: अंगवळणी पडलंय. ‘आय ॲम यूज्ड टू द रेन’ हे जांबोटीकडच्या माणसाने खुशाल म्हणावं. इथे ‘टू’नंतर नाम येतं, क्रियापद आलं तर त्याला ‘इंग’ लागतंच. ‘शी इज यूज्ड टू स्पीकिंग कन्नडा’ म्हणजे तिला कन्नड बोलायची सवय आहे. यातला ‘इज’ आणि ‘इंग’ दोन्ही गाळून ‘शी यूज्ड टू स्पीक कन्नडा’ म्हटलंत, तर ती आता बोलत नाही असं होतं. ही दोन वाक्यं शेजारीशेजारी लिहून मोठ्याने वाचा, फरक लगेच कानात बसेल.

प्रश्नात ‘डिड यू यूज टू लिव्ह इन निपाणी?’ भूतकाळ ‘डिड’ने आधीच सांगितलाय, म्हणून ‘यूज’ला शेवटचा ‘डी’ लिहायचा नाही. कानाला हा फरक कळत नाही, म्हणून लिहितानाच जास्त चुकतो.

उच्चार ‘यूस्टू’सारखा, ‘स’ने. ‘वापरलं’ या अर्थाच्या ‘यूज्ड’मध्ये मात्र ‘झ’ येतो.