कॅलिफोर्नियातलं जुनं डीयूआय वॉरंट: वकिलाला पैसे देण्याआधी हे वाचा

विद्यार्थी असताना लॉस एंजेलिसला डीयूआय (नशेत गाडी चालवल्याचा गुन्हा), मग नोकरीसाठी न्यू जर्सी, आता लायसन्स रिन्यू करायला गेल्यावर कळतंय की तिकडे बेंच वॉरंट (तारखेला हजर न राहिल्याबद्दल जजनं काढलेला अटकेचा हुकूम) आहे, आणि वकील पाच हजार डॉलर मागतोय. तुमची पोस्ट वाचताना वाटलं, माझीच फाइल कोणीतरी उघडलीय. काउंटी (तिथला जिल्हा) तेवढी वेगळी.

मी वकील नाही. शिवाय हे सगळं पहिल्या, कोणाला इजा न झालेल्या मिस्डिमीनर डीयूआयपुरतंच (म्हणजे कमी गंभीर गुन्ह्यापुरतंच) आहे.

मला सगळ्यात महागात पडलं ते एक वकिली ऑफिस. नाव घेत नाही. जाहिरातीत 'फ्लॅट फी', फोनवर 'काळजी सोडा', आणि करारात सहीच्या बरोब्बर वर बारीक अक्षरांत 'अरेनमेंटपर्यंत' (आरोप सांगण्याच्या पहिल्या हजेरीपर्यंत). वॉरंट रिकॉल झालं (मागे घेतलं गेलं), अभिनंदनाची ईमेल आली आणि तिच्या पाठोपाठ दुसऱ्या फीचं बिल. पैसे नाहीत म्हटल्यावर त्यांनी केसमधून अंग काढून घेतलं. पुढच्या तारखेचं पत्र धाडलं कुठे? मी केव्हाच सोडलेल्या कॉलेजजवळच्या अपार्टमेंटवर! तारीख हुकली, नवं वॉरंट निघालं. फोन केला तर रिसेप्शनिस्ट म्हणते, तुम्ही आता आमचे क्लायंट नाही.

म्हणून वकिलाला आधी एवढंच विचारा: वॉरंट रिकॉल झाल्यावर पुढे काय? प्ली (गुन्हा कबूल की नाही हे कोर्टाला सांगणं), शिक्षा, डीएमव्हीचे (लायसन्स देणाऱ्या खात्याचे) कागद, यातलं फीमध्ये काय धरलंय ते ईमेलवर लेखी घ्या. लिहून द्यायला कां-कू करणारा वकील सोडून द्या.

माझं काम शेवटी पब्लिक डिफेंडरनं (ऐपत नसलेल्यांना मिळणाऱ्या सरकारी वकिलानं) केलं. फुकट म्हणून आपली मंडळी नाक मुरडतात, पण तो माणूस रोज त्याच जजसमोर उभा असतो. उत्पन्नाचा फॉर्म भरावा लागतो. बसलात त्यात, तर 2021 पासून कॅलिफोर्नियात त्याची फी तुमच्याकडून वसूल करता येत नाही. मिस्डिमीनरमध्ये वकील सहसा तुमच्या वतीनं हजर राहू शकतो. मात्र डीयूआयमध्ये जज जातीनं बोलावू शकतो, तेव्हा विमानाचं तिकीट विचारूनच काढा.

एक गोष्ट नीट आठवा: तुम्ही कोर्टात एकदा तरी उभे राहिला होतात का? दिलेल्या तारखेला केस दाखलच नव्हती, ती नंतर झाली आणि त्याचं पत्र तुम्हाला मिळालंच नाही, असं असेल तर 'सेर्ना मोशन' या अर्जाबद्दल विचारा. मिस्डिमीनरमध्ये वर्षाहून जास्त विलंब झाला की खटला रद्द करून मागता येतो. हजर राहून नंतर निघून गेला असाल तर तो मार्ग जवळपास बंद समजा.

दंड ऐकून घाबरू नका, पण कायद्यातल्या किमान 390 डॉलरवरही जाऊ नका. त्यावर इतके अधिभार चढतात की आकडा कित्येक पटींनी फुगतो. ऐपतीप्रमाणे कमी करा, हप्ते द्या, असं जजला सांगता येतं. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

कोर्ट मिटलं म्हणजे डीएमव्ही मिटलं असं नाही. कॅलिफोर्निया तिथला डीयूआय प्रोग्राम (अशा ड्रायव्हरांसाठीचे सक्तीचे वर्ग) पूर्ण केल्याचा दाखला मागतं. बाहेरच्या राज्यात राहणाऱ्यांना त्यातून सूट मिळते, तिला '1650 वेव्हर' म्हणतात. आयुष्यात एकदाच मिळते, म्हणजे परत तिकडे राहायला जायचा बेत असेल तर आधी विचार करा. या राज्याचं लायसन्स त्या राज्याच्या होल्डमुळे (लावलेल्या रोखीमुळे) अडतं, त्यामुळे न्यू जर्सीच्या खिडकीवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

व्हिसावर असाल तर प्लीआधी इमिग्रेशनबद्दल विचाराच. अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या पडिला निकालानंतर तो सल्ला देणं हे क्रिमिनल वकिलाचं कर्तव्यच आहे. 'मिस्डिमीनर आहे, काही होत नाही' एवढ्यावर उठू नका. आणि वॉरंट उघडं असताना गणपतीला घरी जायचा मोह आवरा. जाताना कोणी अडवणार नाही कदाचित, परत येताना विमानतळावर नाव स्क्रीनवर येऊ शकतं.