ब्रिटनमध्ये पहिली एअरसॉफ्ट बंदूक घेण्याआधी

स्वागत! एअरसॉफ्ट म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या झाडणाऱ्या नकली बंदुकांनी खेळायचा लुटुपुटुच्या लढाईचा खेळ. आधी एक सांगतो: बंदूक पसंत करण्याची घाई नको. सुरुवातीला मैदानावरची भाड्याची बंदूक चालते.

२००६ च्या व्हायोलंट क्राइम रिडक्शन ॲक्टनुसार हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी नकली बंदूक विकणं गुन्हा आहे. विमा असलेल्या मैदानावर खेळणाऱ्यांसाठी मात्र सूट आहे. तुम्ही खरंच खेळता याची खात्री दुकानदाराला करावी लागते आणि त्यासाठी तो बहुतेक वेळा तुमचा 'युकारा' नोंदणी क्रमांक मागतो. हा परवाना नव्हे, ही दुकानदारांच्या संघटनेची यादी आहे. एकाच मैदानावर किमान ५६ दिवसांच्या काळात तीन खेळ झाले की मैदानवाले तुमचं नाव पुढे पाठवतात. तिन्ही खेळ एकाच आठवड्यात उरकून चालत नाही; नवे लोक इथेच हमखास अडकतात.

थांबवतच नसेल तर भडक रंगाची 'टू-टोन' घ्या. तिला नोंदणी लागत नाही. पण नंतर ती स्वतः काळी रंगवू नका. नोंदणीशिवाय तोही गुन्हा ठरू शकतो.

आणखी थोडं:
- वय १८ पूर्ण हवंच, टू-टोनसाठीसुद्धा.
- ताकदीची मर्यादा: ऑटोमॅटिकला १.३ जूल, एकेक गोळी झाडणारीला २.५.
- नेताना बंद पिशवीत. रस्त्यात बाहेर काढून मित्राला दाखवलीत तर सशस्त्र पोलीस येतील, आणि त्यांना लांबून फरक कळत नाही.

गिअरबॉक्स, स्प्रिंग वगैरे सध्या विसरा. आधी जवळचं मैदान युकाराची नोंदणी करून देतं का, ते विचारा.