सासूबाईंना आत्या का म्हणायचं?

प्रश्न : लग्नाला आठ महिने झाले. सासूबाईंना 'आत्या' आणि सासऱ्यांना 'मामा' म्हणायचं, असं पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. आमच्या दोन घरांत आधी काहीच नातं नव्हतं. मग ही हाक खोटी नाही का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : खोटी नाही, बाई. मीही सासूबाईंना पस्तीस वर्षं आत्याच म्हटलं. माझी सख्खी आत्या मिरजेची. एखाद्या कार्यात दोघी असल्या, की माझ्या एका हाकेला दोघी वळून बघत.

मामाची मुलगी केली, की त्या मुलीची सासू म्हणजे तिच्या वडिलांची बहीण, म्हणजे आत्याच. जावयाला सासरा मामा. आणि आत्याच्या यजमानांना कित्येक घरांत 'मामा' म्हणतात, म्हणून सुनेलाही सासरे मामाच. इरावती कर्वे यांनी 1953 च्या भारतीय नातेसंबंधांवरच्या ग्रंथात ही रीत मांडली आहे : महाराष्ट्रात पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची सहसा चालत नाही.

पण नात्याच्या शब्दावरून लग्नाची रीत ओळखता येते का, यावर मोठा वाद झाला. अमेरिकेच्या क्रोबर या मानववंशशास्त्रज्ञाने 1909 मध्ये म्हटलं, हे शब्द भाषेचे आणि मनाचे खेळ आहेत, त्यांतून समाजरचना काढू नका. निलगिरीच्या तोडा आदिवासींत राहिलेल्या रिव्हर्स या इंग्रज अभ्यासकाने 1914 मध्ये उत्तर दिलं, की मामा आणि सासरा यांना एकच शब्द असेल, तर त्यामागे मामेबहिणीशी लग्न आहे. पुढे द्युमाँ या फ्रेंच अभ्यासकाने दक्षिणेतल्या नात्यांबद्दल जे सांगितलं, ते मला सर्वांत पटतं. मामा हा आधी वडिलांचा मेहुणा, सोयरा, आणि मग आईचा भाऊ. आपणही 'भाऊबंद' आणि 'सोयरे' असे दोन गट करतोच ना!

तेव्हा तुमच्या दोन घरांत पूर्वी सोयरीक होती, असं या हाकेवरून सिद्ध होत नाही. क्रोबरचा इशारा तेवढा लक्षात ठेवा. पण आपल्या मुलखात सून पुष्कळदा सासूच्या माहेरच्याच नात्यातून येत असे, ही आठवण या शब्दात नक्की आहे, आणि ती मला मोलाची वाटते. परक्या घरात आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी 'भाची' म्हणून जागा मिळते.

एक करा. तुमचे यजमान तुमच्या वडिलांना काय म्हणतात, ते बघा. 'मामा' म्हणत असतील, तर साखळी दोन्ही बाजूंनी शाबूत आहे. 'काका' किंवा 'बाबा' म्हणत असतील, तर तुमच्या आजेसासूबाईंना विचारा, त्यांच्या काळात जावई सासऱ्याला काय हाक मारायचा.